वाणात दिलेला पासवर्ड

"वैनी, काल तुमचं नेट लई पातळ आलं वो."

समोरच्या काकू आमच्या फाटकाशी उभ्या राहून आईला सांगत होत्या. तक्रारीचा सूर नव्हता. शेजारून ताक आणावं आणि घरी जाऊन पाहावं तर पाणी जास्त, अशा वेळी जेवढं आणि जसं सांगतात, तेवढंच आणि तसंच. आई म्हणाली, "हो का? आज लावून पाहा बरं. सकाळपासून चांगलं येऊन राह्यलं."

मी आत खिडकीशी टेबलावर बसले होते. कानांवर हेडफोन होते, पण त्यात काही वाजत नव्हतं, म्हणून हे ऐकू आलं. हेडफोनचा मला तोच मोठा उपयोग आहे. ते घातले की माणसं आपल्याशी बोलत नाहीत आणि आपल्याला ऐकू येत नाही असं समजून एकमेकांशी मोकळं बोलतात. आमचं नेट समोरच्या घरी पातळ येतं की घट्ट, हा प्रश्न पडायला आधी ते समोरच्या घरी जायला हवं होतं. ते केव्हा गेलं, हे मला माहीत नव्हतं.

मी त्या वेळी हैदराबादच्या एका कंपनीसाठी घरून काम करत होते, आणि ती कंपनी परदेशातल्या एका इंटरनेट कंपनीसाठी काम करत होती. तिकडच्या कुणाचं नेट हळू चाललं की तो माणूस चॅटमध्ये रागानं काहीतरी लिहायचा आणि आदिलाबादच्या एका गल्लीत बसून मी त्याला शांत करायचे. उत्तरं ठरलेली होती. आधी दिलगिरी. मग राउटर बंद करून तीस सेकंद थांबून पुन्हा चालू करायला सांगणं. तरीही माणूस शांत झाला नाही, तर तिसरं वाक्य: आपल्या भागात या वेळी बरेच ग्राहक एकदम सेवा वापरत असल्यामुळे वेग कमी वाटू शकतो. त्यातल्या शेवटच्या दोन शब्दांवर ट्रेनिंगमध्ये अर्धा दिवस गेला होता. वेग कमी आहे, असं आपण कधीच म्हणायचं नाही. तो ग्राहकाला तसा वाटतो.

ही नोकरी माझ्या मापाची होती. दुपारी बारा ते सहा, लिहिण्याचं काम, कुणी पाहत नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, त्यामुळे मी बोलणंच कमी केलं. घरी इंग्रजी निघालं की गल्लीतल्या काकू हसायच्या. त्यांनी माझं नाव 'इंग्लिशवाली' ठेवलं होतं. तेलुगू मला परीक्षेपुरती आली. तीन भाषांत गप्प राहता येतं, हीच माझी खरी पात्रता. ती अर्जात लिहायला जागा नव्हती, पण नोकरी मिळाली ती त्याच जोरावर.

अट एकच होती. पहिले पाच महिने उमेदवारीचे. त्या काळात नेट गेल्यामुळे ग्राहक ताटकळला की एक लाल खूण. तिसरी लाल खूण पडली की घरून काम बंद. हैदराबादला ऑफिसात बसायचं आणि कंपनीच्या हॉस्टेलात राहायचं. ऑफिसचा फोटो त्यांनी पाठवला होता. लांबच लांब हॉल, त्यात ओळीनं बसलेली मुलंमुली, आणि सगळे एकमेकांकडे वळून हसत होते. हॉस्टेलच्या एका खोलीत चार खाटा. बाबांना तो फोटो आवडला. "बरं होईल," ते म्हणाले, "पोट्टी बोलायला तरी शिकेल." मी मात्र तो फोटो पाहून रात्रभर परीक्षेचा पेपर कोरा ठेवून आल्यासारखी पडून राहिले होते.

समोरच्या काकू गेल्यावर मी आईला विचारलं, "आपलं नेट त्यांच्याकडे कसं?"

"वाणात दिलं ना," आई म्हणाली. तांदूळ निवडताना तिनं मान वरही केली नाही.

बाबांचं भांड्यांचं दुकान आहे, त्यामुळे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरचं वाण काय असणार हे गल्लीला पाठ होतं. स्टीलची वाटी. एका वर्षी आईनं चमचे दिले तर त्यावर गल्लीत चर्चा झाली होती. प्रत्येक स्वयंपाकघरात आमच्या वाट्यांची चळत आहे. कुणाकडे जेवायला गेलं की आपलीच वाटी पानात येते. यंदा आईनं ठरवलं की काहीतरी नवं द्यायचं, जे बायकांच्या कामी येईल. मग तिला राउटरच्या पाठीवर चिकटवलेला पासवर्डचा कागद दिसला. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिनं त्याच्या चिठ्ठ्या करून आणल्या, तिळगुळाच्या पुडीला एकेक बांधली आणि वर हळदीकुंकवाची बोटं लावली. बायका खूश झाल्या. असं वाण आदिलाबादेत कुणीच दिलं नव्हतं, असं आई म्हणाली, आणि ते खरं असणार.

"किती जणींना दिलं?"

"जेवढ्या आल्या तेवढ्यांना. वाण काय माणूस पाहून देतात?"

"आई, पण ते सगळ्यांत मिळून एकच असतं. त्या वापरतात तेवढं मला कमी पडतं."

"कमी कसं पडन? अनलिमिटेड हाये म्हणे. तो नेटवाला सोता सांगून गेला, कितीबी वापरा."

परक्या देशातल्या शेकडो लोकांना मी हीच गोष्ट समजावत होते. आईला समजावता येईना. मी म्हटलं, "मग मी पासवर्ड बदलते."

आता तिनं मान वर केली. "दिलेलं वाण परत आणतात काय? उद्या म्हणशील, वाट्याबी मागून आण."

तो विषय तिथं संपला. पुढचे काही दिवस मी गल्लीकडे नीट पाहिलं. ज्यांच्या घरापर्यंत नेट पोचत नव्हतं त्या दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसत. शेजारच्या काकूंनी भिंतीलगत एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर फोन ठेवला की बरं येतं असा त्यांचा शोध होता. आणि सगळ्या जणी विचारायच्या. भिंतीवरून हाक यायची, "वैनी, लावू काय? का पोरीचं काम चालू हाये?" आई खिडकीतून माझ्याकडे पाहायची आणि माझी बोटं चालत असली तर सांगायची, "थांबा जराशा." आणि त्या थांबायच्या. तेव्हा ह्या विचारण्याचा मला फक्त कंटाळा यायचा.

पहिली लाल खूण एका मंगळवारी पडली. कोपऱ्यावरच्या काकू ओट्यावर बसून चंद्रपूरला दिलेल्या मुलीला व्हिडिओवर मेथीचे लाडू दाखवत होत्या. त्या दिवशी आई दळण आणायला गेली होती, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न होता, आणि मला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं. लाडू कसा वळला ते मुलीला दिसेना म्हणून काकूंनी तो फोनच्या आणखी जवळ नेला. आत मी एका संतापलेल्या माणसाला तिसरं वाक्य लिहीत होते. 'बरेच ग्राहक एकदम' इथपर्यंत ते गेलं आणि पडदा गोठला. तो माणूस आठ मिनिटं अर्ध्या वाक्याकडे पाहत बसला असेल. त्याला ते पूर्ण वाक्यापेक्षा खरं वाटलं असण्याची शक्यता आहे.

दुसऱ्या दिवशी आई अंघोळीला गेली तेव्हा मी पासवर्ड बदलला. दोन मिनिटांचं काम. मधे दोनदा उठून न्हाणीघरात पाणी पडतंय ना, ते ऐकून आले.

आईला सांगितलं, "नेट बिघडलंय."

"मंग तुझं कसं चालते?"

"ऑफिसचं वेगळं असतं."

आईनं विश्वास ठेवला. इंग्रजी शाळेत घालण्याचा हा एक फायदा. यंत्राबद्दल मी काहीही सांगितलं तरी घरात ते खरं धरतात. तिनं गल्लीला कळवलं, आणि मला वाटलं होतं की गल्ली रागावेल. गल्ली रागावली नाही. गल्ली धावून आली. समोरच्या काकू आपल्या दिराला घेऊन आल्या, तो वायरमन होता. त्यानं आमचा फ्यूज काढून पुसून परत बसवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सगळ्यायची नजर पडली त्या डब्यावर. एवढ्या जणी वापरून राह्यल्या, नजर लागन नाही तं काय?" आईला ते पटलं. तिन्हीसांजेला तिनं मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन राउटरवरून तीन वेळा उतरवल्या. राउटरचे सगळे हिरवे दिवे नीट लुकलुकत होते. मी टेबलाशी बसून ते पाहत होते, आणि कानांवर हेडफोन होते.

दहाबारा दिवस नेट सुरेख चाललं. मग गल्लीत नेटवाल्याची शिडी आली.

पहिल्यांदा समोरच्या काकूंनी स्वतःचं कनेक्शन घेतलं. मग शेजारच्यांनी, मग कोपऱ्यावरच्यांनी. कुणाच्या मनात काही नव्हतं. सवय लागली होती, आणि आमचं तर बिघडलेलं. समोरच्या काकू आईला म्हणाल्या, "किती दिवस तुमच्यावर भार टाकाव, वैनी?" त्यांनी आमच्याच वाणाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे आपला नवा पासवर्ड लिहून आणला होता. "आता तुमचं दुरुस्त होईपर्यंत आमचं घ्या." आईनं तो कुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवला.

आणि नेट पातळ झालं. आधी होतं त्याहून पातळ. पाच वाजले, मुलं शाळेतून आली, की गल्लीतल्या प्रत्येक घरात काहीतरी सुरू व्हायचं. भिंतीवरून हाक येणं बंद झालं होतं. विचारायचं कशाला? आता प्रत्येकीचं स्वतःचं होतं. मागून आणलेली वस्तू माणूस जपून वापरतो, स्वतःची वापरताना त्याला शेजार आठवत नाही, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. दुसरी लाल खूण महाशिवरात्रीनंतरच्या आठवड्यात पडली, संध्याकाळी सव्वापाचला. ओट्यावर त्या वेळी कुणीही नव्हतं.

उमेदवारीचे तीन आठवडे उरले होते आणि शेवटच्या शुक्रवारी पाच ते सहा आवाजाची परीक्षा होती, चॅटवाल्यांनाही सक्तीची. हैदराबादहून टीम लीडर नेटवरून फोन जोडणार, ग्राहक होऊन भांडणार आणि मी बोलून त्यांना शांत करायचं. त्या तासात नेट गेलं की तिसरी खूण.

बाबा म्हणाले, "नेटवाला आपला माणूस हाये. जाऊन सांग. बोलता येत नसन तं दरखास लिहून ने." म्हणून मी अर्ज लिहिला, इंग्रजीत, आणि बसस्टँडजवळच्या त्याच्या दुकानात तो काउंटरवर ठेवून उभी राहिले. दुकानदार पन्नाशीचे, एका दमात तीन भाषा बोलणारे. त्यांनी अर्ज उलटा करून पाठीमागेही काही आहे का पाहिलं.

"कंप्लेंट हाये का, अम्मा?"

मी मान हलवली.

"क्या है ना, शामको सब लोगां चलाते. म्हणून थोडं स्लो वाटते."

आम्हांला अर्धा दिवस लागला होता, ह्यांनी विनाट्रेनिंग बरोबर तोच शब्द धरला होता. अर्जातल्या दुसऱ्या परिच्छेदावर मी बोट ठेवलं. तिथं विचारलं होतं की आमच्या वायरवर किती घरं आहेत.

"पयले चारपाच होते. आता पुरी गल्ली आली. वायर तीच." ते अगदी मोकळेपणानं म्हणाले. "बोथला जाणाऱ्या ऑटोत बसल्या का कधी? सीट किती असते? आन् बसवतात किती? पोचत नाही का सगळे? जरा दबून बसा लागते."

"दुसरी वायर?" हे दोन शब्द मी तोंडानं बोलले.

"वरून आली पाहिजे. दरखास टाकली मीबी." त्यांनी माझा अर्ज घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला; ड्रॉवर भरलेला होता. "तुमच्या मम्मीचे उपकार हायेत बरं माझ्यावर. त्यांनी वाटलं नसतं तं तुमच्या गल्लीत नेट लावलं कोनी असतं? घरी जाऊन डबा बंद करा, तीस सेकंद थांबा, मंग चालू करा."

मी वळले तेव्हा ते मागून म्हणाले, "आन् लईच काम असन तं गल्लीतल्या बायांना सांगा ना. एक घंटा बंद ठेवतीन. तुमचेच लोक हायेत."

बायांना सांगायचं. इतका साधा उपाय, आणि त्यापेक्षा मला वरून दुसरी वायर येणं जास्त शक्य वाटत होतं. कारण नुसतं सांगून भागणार नव्हतं. त्या विचारतील, आमच्या नेटचा तुझ्या नेटशी काय संबंध? तुमचं तर बिघडलं होतं ना? आणि मग फ्यूज पुसणारा दीर, मीठ-मोहऱ्या, करंड्याखालची चिठ्ठी, सगळं एकेक करून पुढे येईल, आणि आई तिथंच बसलेली असेल.

तीन आठवडे मी काहीच बोलले नाही. राउटर मात्र रोज तीस सेकंद बंद करून चालू करत होते.

त्या शुक्रवारी आमच्याकडे मिरच्या होत्या. वर्षाच्या तिखटाच्या लाल मिरच्यांचे देठ काढायला गल्लीतल्या बायका आळीपाळीनं एकमेकींकडे जमतात, आणि नेमका तो दिवस आमचा. साडेचारपासून आठनऊ जणी ओट्यावर बसल्या होत्या. नाकाला पदर, मधोमध मिरच्यांचा ढीग, आणि प्रत्येकीच्या पुढ्यात तांब्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात शेजारपाजारच्या नेटवर आपापली मालिका. घराघरांत मुलं टीव्हीपुढे बसली होती. मी आत राउटरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पाचला दहा मिनिटं कमी होती. लॅपटॉपवर मधोमध ते गोल गोल फिरणारं चक्र आलं होतं.

मी दारात जाऊन उभी राहिले. हे आई आजही लोकांना सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी तिथं भाषण केलं असं येतं. भाषण नव्हतं.

"अगंबाई, इंग्लिशवाली बाहेर आली," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"पाणी पाहिजे असन."

"पाणी आत नाही काय?" समोरच्या काकूंना खोकता खोकता हसू आलं. "मिरच्या तोडाले आली का व बाई? ये, बस. बोट जळन पण."

"बोलत नाही व माय ते," कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या. "लाजते. सासरी गेल्यावर भाजीत मीठ कमी हाये हे काय चिठ्ठीवर लिहून देईन?"

सगळ्या हसल्या, आईसुद्धा. मी डोक्यात वाक्य तयार करून आणलं होतं. ते आधी इंग्रजीत झालं होतं, मग पुस्तकी मराठीत, आणि त्याच्या सुरुवातीला 'कृपया' होतं. हसण्याच्या आवाजात ते कुठेतरी पडलं. मिरच्यांनी डोळ्यांत पाणी आलं होतं, तेवढी एक सोय होती. आईनं हातातली मिरची खाली ठेवली. "काय झालं व? काऊन उभी राह्यली अशी?"

मी हेडफोन कानांवरून काढून गळ्यात घेतले आणि आईकडे न पाहता, समोरच्या काकूंकडे पाहून म्हणाले, "काकू, आमचं नेट बिघडलं नवतं, पासवर्ड मीच बदलला होता, आईले ठाऊक नाही, आन् आता पाच वाजून राह्यले, तं सहा वाजेपर्यंत तुमी सगळ्या जणी आपापल्या घरचे डबे बंद ठेवा, नाही तं मले हैदराबादले जा लागते, आन् मले इथंच राहाचं हाये."